जुने घर पाडताना निघालेले घड्याळ, पेटी, नाणी : विकण्याआधी काय तपासाल?

कळवण, सटाणा, देवळा या पट्ट्यातली धाब्याची जुनी घरे एकेक करून उतरत आहेत आणि त्या जागी स्लॅबची घरे उभी राहत आहेत. घर पाडायला काढले की आधी माळा रिकामा होतो. तांब्याचे घंगाळ, पाण्याचा बंब, सागवानी पेटी, बंद पडलेले लंबकाचे घड्याळ, फडक्यात बांधलेले राणीछाप रुपये असे काय काय खाली येते. बातमी लागलेला एखादा खरेदीदार टेम्पो घेऊन दारात येतो आणि म्हणतो, "सगळ्याचे मिळून एवढे देतो, आत्ताच उचलतो." घरच्यांना जागा मोकळी हवी असते, मजूर खोळंबलेले असतात. तासाभरात व्यवहार होतो.

असा व्यवहार नेहमी तोट्याचाच असतो असे नाही. पण तो जवळजवळ नेहमी एकतर्फी असतो. घेणाऱ्याला वस्तू कळते, देणाऱ्याला कळत नाही. कधी मौल्यवान वस्तू भंगाराच्या भावात जाते, कधी साध्या वस्तूबद्दल लाखोंची स्वप्ने पडतात आणि त्यातून फसवणूक होते. काही वस्तू तर विकणेच गुन्हा असते, हे घरात कोणाला माहीत नसते. म्हणून विकण्याआधी निदान एक दिवस थांबून काय पाहायचे, ते समजून घेऊ.

'अँटिक' नेमके कशाला म्हणायचे?

बाजारात कोणत्याही काळपट वस्तूला अँटिक म्हणतात. कायद्यात मात्र वयाची रेघ आहे. भारताच्या 'पुरावस्तू आणि कलानिधी कायदा, १९७२' नुसार नाणी, मूर्ती, चित्रे, कारागिरीच्या वस्तू, इमारतीपासून सुटे झालेले भाग किंवा जुन्या काळच्या चालीरीती, धर्म, कला दाखवणाऱ्या वस्तू किमान १०० वर्षे जुन्या असतील तर त्या 'पुरावस्तू' ठरतात. हस्तलिखिते आणि ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा शास्त्रीय मोल असलेली कागदपत्रे यांच्यासाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे.

त्यापेक्षा अलीकडच्या पण आता बनत नसलेल्या वस्तूंना संग्राहक 'व्हिंटेज' म्हणतात. आजोबांचे एचएमटीचे मनगटी घड्याळ त्यात येते. हा बाजाराचा शब्द आहे, कायद्याचा नाही.

वय आणि किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शंभर वर्षांचा साधा पाट कोणी घेणार नाही, पण चाळीस वर्षांपूर्वीचे एखादे दुर्मिळ घड्याळ चांगल्या भावाला जाईल. किंमत मुख्यतः चार गोष्टींवर ठरते : तशा वस्तू किती उरल्या आहेत, तिची स्थिती कशी आहे, तिचे किती भाग मूळचे आहेत आणि ती कुठून आली हे सांगता येते का. यातली चौथी गोष्ट फक्त घरच्यांकडे असते. घाईत विकताना नेमकी तीच हरवते.

भिंतीवरच्या घड्याळाचे वय कसे ओळखायचे?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला आपल्याकडच्या घरांत आलेली ठोक्याची घड्याळे बहुतेक परदेशी होती. जर्मनीची जुंगहान्स आणि गुस्ताव बेकर, अमेरिकेची अन्सोनिया आणि सेथ थॉमस, नंतर जपानची सेइकोशा ही त्यांतली नेहमी भेटणारी नावे.

तबकडीवरच्या नावावर लगेच विश्वास ठेवू नका, कारण तबकडी बदलता येते आणि नाव नव्याने छापता येते. लंबक काढून ठेवा आणि आतल्या यंत्राचा मागचा पितळी पत्रा टॉर्च लावून पाहा. कारखान्याचा ठसा तिथे असतो. जुंगहान्सचा ठसा म्हणजे आठ टोकांचा तारा आणि त्यात जे हे अक्षर. गुस्ताव बेकरच्या यंत्रावर नांगर, मुकुट आणि जीबी ही अक्षरे असतात, शिवाय अनुक्रमांकही असतो. या कंपनीने १८९२ च्या सुमारास दहा लाखांचा टप्पा गाठला होता. त्यामुळे क्रमांक पाहून घड्याळ साधारण कोणत्या काळातले हे सांगता येते.

देशाचे नावही उपयोगी पडते. ब्रिटनने १८८७ मध्ये आयात मालावर मूळ देशाची खूण असण्याबाबत कायदा केला, भारतात तसाच कायदा १८८९ मध्ये आला. त्यामुळे 'मेड इन जर्मनी' असे लिहिलेले घड्याळ सहसा त्यानंतरचे असते. 'वेस्ट जर्मनी' असेल तर ते १९४९ ते १९९० या काळातले. अन्सोनिया कंपनी १९२९ मध्ये बंद पडली आणि तिची यंत्रसामग्री सोव्हिएत रशियाला विकली गेली. म्हणजे खरे अन्सोनिया त्याआधीचेच असणार.

आता चावीची भोके मोजा. एकच भोक असेल तर घड्याळ फक्त वेळ दाखवते. दोन असतील तर बहुधा उजवीकडचे चालण्याचे आणि डावीकडचे ठोक्यांचे असते. तीन असतील तर ते पाव-पाव तासालाही वाजते आणि त्याला अधिक मागणी असते.

'बंद आहे' म्हणून घड्याळ मातीमोल ठरत नाही. बऱ्याचदा वंगण सुकलेले असते किंवा घड्याळ भिंतीवर तिरके टांगलेले असते. कान देऊन ऐका. टिक आणि टॉक यांतले अंतर सारखे नसेल तर घड्याळ सरळ नाही. मागे-पुढे होत असेल तर लंबकाखालचा छोटा नट पाहा. लंबक वर घेतला की घड्याळ पुढे जाते, खाली सोडला की मागे पडते. साधारण २५ सेंटिमीटरच्या लंबकात एक मिलिमीटरचा फरक पडला तरी दिवसाला जवळपास तीन मिनिटांचा फरक पडतो. उन्हाळ्यात घड्याळ थोडे मागे पडते तेही यामुळेच : उष्णतेने लंबकाची काडी किंचित लांबते.

मूळ यंत्र, मूळ लंबक, मूळ काच आणि मूळ चावी या चारही गोष्टी असतील तर त्या एकत्रच ठेवा. घर उतरवताना सर्वांत आधी हरवते ती चावी.

सागवानी पेटी, शिसवी खुर्ची : लाकूड काय सांगते?

कळवणच्या पश्चिमेला अभोणा-सुरगाण्यापलीकडे डांगचे जंगल सुरू होते. तिथले सागवान इतके नावाजलेले होते की जहाजबांधणीसाठी ब्रिटिशांनी १८४२ मध्ये डांगच्या भिल्ल राजांशी जंगलाचे करार केले. त्यामुळे या भागातल्या जुन्या घरांत सागाचे खांब, तुळया आणि पेट्या असणे नवलाचे नाही. शिसवी सामान मात्र बहुधा शहरातून आलेले असते. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवावर दाट नक्षीकाम करून खुर्च्या, कोच, टेबले बनत असत. आज त्यांना चांगली मागणी आहे.

वस्तू खरोखर जुनी आहे का, हे पाहायला तिची पुढची बाजू नव्हे, पाठ आणि तळ बघा.

खण बाहेर काढून त्याचे कोपरे पाहा. हाताने कापलेले सांधे थोडे कमी-जास्त असतात, यंत्राने कापलेले अगदी एकसारखे. स्क्रूच्या डोक्यावर अधिकची खूण असेल तर तो स्क्रू १९३० च्या दशकानंतरचा, कारण त्याआधी असे स्क्रू बाजारात नव्हते. एखादा स्क्रू दुरुस्तीत बसवलेला असू शकतो, पण सगळेच तसे असतील तर 'पेशवेकालीन पेटी' ही गोष्ट सोडून द्या. पाठीला प्लायवुड असेल तरी तेच. गोल टेबल असेल तर टेपने दोन दिशांनी मोजा. लाकूड आडव्या दिशेने आकसते, म्हणून जुने टेबल पूर्ण गोल राहत नाही. झीजही जिथे हात-पाय लागतात तिथेच असायला हवी. सगळीकडे सारखी झीज असेल तर ती पॉलिश पेपरने केलेली असते.

विकण्याआधी वस्तू 'चकाचक' करण्याचा मोह टाळा. लाकूड तासून नवे पॉलिश केले, की शंभर वर्षांची झाक जाते आणि तिच्याबरोबर बरीचशी किंमतही. कोरडे फडके पुरेसे आहे. घराचे सागवानी खांब आणि तुळया विकायच्या असतील तर माल हलवण्याआधी वनविभागाच्या स्थानिक कार्यालयात वाहतूक परवान्याची चौकशी करून घ्या.

तांबे-पितळ, देवघरातले टाक आणि मुखवटे

भांडी किलोवर विकली जातात आणि इथेच मोठी चूक होते. नाव घातलेला हंडा, कोरीव समई, पक्ष्याच्या आकाराचा अडकित्ता, पाय घासायची नक्षीदार वज्री यांची किंमत वजनावर ठरत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे उदाहरण घ्या. दिनकर केळकर यांनी जन्मभर गावोगावी फिरून दिवे, अडकित्ते, वज्र्या, दरवाजे अशा घरगुती वस्तू जमवल्या आणि १९६२ मध्ये तो संग्रह महाराष्ट्र सरकारला दिला. आज तिथे सुमारे २० हजार वस्तू आहेत. यातल्या अनेक वस्तू त्या काळी लोकांनी अडगळ म्हणून काढल्या होत्या.

टाकांचे गणित वेगळे आहे. खंडोबा, देवी, वीर यांचे चांदीचे वा पितळेचे टाक हे कुळाचे देव. झिजलेले टाक विसर्जित करायची किंवा सोनाराकडे देऊन नवे करून घ्यायची रीत अनेक घरांत आहे. संग्राहक नेमके हे जुने झिजलेले टाक शोधत असतात. द्यायचे की नाही हा घरचा प्रश्न, पण चांदीच्या वजनाच्या भावात देऊ नका आणि भाऊबंदांना विचारल्याशिवाय तर नकोच.

सुरगाणा-पेठ भागातल्या बोहाडा उत्सवातले मुखवटेही असेच. लाकडाचे जुने मुखवटे शहरातल्या दिवाणखान्यांत लावण्यासाठी मागितले जातात. पण अमुक देवाचे सोंग अमुक घराकडे, अशी परंपरेची वाटणी असते. मुखवटा एका घरात ठेवलेला असला तरी तो गावाच्या उत्सवाचा भाग असतो. तो एकदा गेला की पुढच्या वर्षीचे सोंग अडते. म्हणून याचा निर्णय एकट्याने घेण्यासारखा नाही.

राणीछाप रुपयाचे किती मिळतात?

चांदीचा ब्रिटिशकालीन रुपया ११.६६ ग्रॅमचा असे आणि त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी असे. १९४० पासून चांदीचे प्रमाण ५० टक्क्यांवर आले. म्हणजे सहाव्या जॉर्जचा १९४४ चा रुपया व्हिक्टोरियाच्या रुपयासारखा दिसला तरी त्यात चांदी जवळपास निम्मीच असते. बहुतेक साध्या रुपयांना चांदीच्या भावापेक्षा थोडेच अधिक मिळते. काही साले मात्र वेगळी आहेत. १९११ च्या पाचव्या जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि ओरड झाल्यावर ते नाणे मागे घेतले गेले, म्हणून ते संग्राहकांना हवे असते. १९३९ चा रुपयाही दुर्मिळ आहे, त्यामुळे त्याच्या नकलाही होतात.

मराठेशाहीत चांदवडला टांकसाळ होती. तेव्हा आपल्या भागात मोडी-फारसी अक्षरांचे ओबडधोबड नाणे मिळाले तर ते वितळवण्याआधी दाखवून घ्या. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासासाठी वाहिलेली संशोधन संस्था आणि नाण्यांचे संग्रहालय आहे. नाणी कधीही घासून धुऊ नका. चकाकणारे नाणे संग्राहकाच्या दृष्टीने खराब झालेले नाणे असते.

फसवणूक कशी होते?

ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १८१८ सारखे साल आणि राम दरबार किंवा हनुमानाचे चित्र असलेली 'नाणी' गावोगाव फिरतात. कंपनीने अशी नाणी पाडलीच नव्हती. ते नंतर बनवलेले बिल्ले आहेत. त्यांना लाखो रुपये देणारा कोणी नसतो, पण 'नोंदणी शुल्क आधी भरा' म्हणणारे पुष्कळ असतात. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीसाठी आपल्या नावाने शुल्क आणि कर मागितले जात आहेत, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. आपण अशा व्यवहारात नाही आणि असे शुल्क मागत नाही, असेही तिने सांगितले होते. 'राईस पुलर' हा दुसरा सापळा. तांदूळ ओढून घेणारे तांब्याचे भांडे परदेशी संस्था कोट्यवधींना घेतात, असे सांगून तपासणीच्या नावाखाली पैसे उकळले जातात. तांब्यात असा गुण नसतो. साधा नियम असा : विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागणारा खरेदीदार खरा नसतो.

घेणाऱ्यांनीही जपायला हवे. चकचकीत पितळी कर्ण्याचे आणि कुत्र्याच्या बिल्ल्याचे बहुतेक 'जुने' ग्रामोफोन अलीकडे जोडलेले असतात : खोके नवे, कर्णा नवा आणि आतली मोटर एखाद्या जुन्या पेटी-ग्रामोफोनची. एचएमटीच्या भडक रंगांच्या तबकड्यांची घड्याळे संग्राहकांत 'मुंबई स्पेशल' म्हणून ओळखली जातात. त्यांतले यंत्र खरे असले तरी तबकडी पुन्हा रंगवलेली असते.

कायदा कुठे आडवा येतो?

पहिली गोष्ट, धंदा म्हणून पुरावस्तू विकायला परवाना लागतो. घरातली एखादी वस्तू विकणे हा धंदा नव्हे, पण समोरच्या खरेदीदाराकडे परवाना आहे का, हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे.

दुसरी, शंभर वर्षांवरील मूर्ती, कोरीव लाकडी शिल्पे, जुनी चित्रे, सचित्र हस्तलिखिते अशा ठरावीक प्रकारांची नोंदणी बंधनकारक आहे. नोंदलेली वस्तू दुसऱ्याला देताना नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे लागते. साधे कपाट किंवा भिंतीवरचे घड्याळ या यादीत येत नाही. शंका असेल तर नाशिकच्या सराफ बाजारातल्या सरकारवाड्यात राज्य पुरातत्त्व विभागाचे कार्यालय आहे, तिथे फोटो घेऊन जा.

तिसरी, परदेशी नेणे. पुरावस्तू खासगी व्यक्तीला निर्यात करता येत नाही. त्यासाठी किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. अमेरिकेतल्या मुलाला पणजोबांचे घड्याळ हवे असेल आणि ते शंभरीच्या जवळ असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'ही पुरावस्तू नाही' असे प्रमाणपत्र आधी घ्या. घड्याळ जर्मनीत बनले होते, एवढे कारण विमानतळावर चालेलच असे नाही.

चौथी, भिंतीतले धन. घर पाडताना जमिनीत किंवा भिंतीत नाण्यांचे मडके सापडले, तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचे काहीही सापडले तरी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे सक्तीचे आहे. लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मजुरांनी परस्पर वाटून घेतले आणि पुढे भांडण झाले, की प्रकरण पोलिसांत जाते. म्हणून पाडकाम सुरू होण्याआधीच मुकादमाला हे सांगून ठेवा.

पाचवी, वन्यजीव. भिंतीवरचे सांबरशिंग, वाघनख, मृगाजिन, हस्तिदंती डबी हे कितीही जुने असो, विकता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असे जवळ ठेवायलाही मालकी प्रमाणपत्र लागते आणि वारशाने मिळाल्यास ९० दिवसांत वनविभागाला कळवावे लागते. टेम्पोवाल्याने इतर सामानाबरोबर शिंगही उचलले, तर अडचणीत दोघेही येतात.

मग विकायचे कसे?

मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट आणि फर्निचरसाठी जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा बाजार, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार ही नेहमीची ठिकाणे. तिथे आधी विकायला नाही तर बघायला जा. आपल्यासारखी वस्तू कितीला मागतात आणि प्रत्यक्षात कितीला जाते, यात मोठा फरक असतो. भाव सुटलेल्या किमतीवरून धरायचा, मागितलेल्या नव्हे. व्यापारी त्याहून कमी देतो, कारण दुरुस्ती, वाहतूक आणि वस्तू महिनोन्‌महिने पडून राहण्याचा खर्च त्याच्या अंगावर असतो. अर्ध्या भावाचा देकार म्हणजे लगेच लबाडी नव्हे. पण एकाच माणसाच्या शब्दावर जाऊ नका, तिघांना विचारा. 'सगळ्याचे मिळून' असा सौदा करू नका, प्रत्येक वस्तूचा वेगळा भाव मागा. त्या ढिगात त्याला नेमके काय हवे आहे, ते तेवढ्याने कळते. व्यवहाराची पावती घ्या आणि तीत वस्तूचे वर्णन लिहून घ्या.

त्याआधीचे काम मात्र घरातच करायचे आहे. प्रत्येक वस्तूचा पुढून, मागून आणि तळातून फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा. मग घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा. हे घड्याळ कोणी आणले, कुठून आणले, कोणाच्या लग्नातले, किती साली बंद पडले, असे विचारा आणि उत्तरे नावासालासह वहीत उतरवा. 'नाशिकहून आजोबांनी आणले, त्यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी' ही एक ओळ आणि सोबत जुना फोटो किंवा बिल असेल, तर घेणारा अधिक देतो, संग्रहालयालाही ती वस्तू उपयोगी ठरते. विकायचे नाही असे ठरले, तरी ती वही घरात राहते. आजी गेल्यावर हे सांगणारे कोणी नसेल, म्हणून टेम्पो बोलावण्याच्या आदल्या संध्याकाळी तिच्याजवळ तासभर बसा.